संगणक शाळेचा, किल्ली कुणाची?



मुलाला शाळेत घालताना आपण काय काय पाहतो? गुरुजी वेळेवर येतात का, पिण्याचे पाणी आहे का, मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का. अलीकडे त्यात आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे, 'शाळेत कॉम्प्युटर आहे का?' मुख्याध्यापक 'आहे' म्हणाले की आपले समाधान होते. तो चालतो का, मुलांच्या हाताला लागतो का, आणि त्याच्या आतल्या कारभाराची किल्ली कुणाकडे आहे, हे मात्र आपण विचारत नाही. या आठवड्यात आम्ही त्या किल्लीविषयी चार शब्द लिहिणार आहोत.

विषय आजच काढण्याचे कारण असे. १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने आपल्या 'विंडोज १०' ची नियमित देखभाल थांबवली. आपल्याकडे शाळांत आणि घरांत जे संगणक आहेत त्यांतले पुष्कळ याच विंडोजवर, नाहीतर तिच्याही आधीच्या विंडोजवर चालतात. देखभाल थांबली म्हणजे संगणक बंद पडला, असा कुणी समज करून घेऊ नये. तो सुरू होतो, पत्र टाइप होते, प्रिंट निघते. पण त्यात नवी उणीव सापडली, व्हायरसने नवी वाट शोधली, तर ती वाट बुजवून द्यायला कंपनी आता बांधील नाही. पैसे भरून किंवा काही अटींवर थोडी मुदतवाढ मिळते. ती संपली की प्रश्न पुन्हा दारात उभा.

मग 'विंडोज ११' का घालू नये? तर ती प्रत्येक यंत्रावर बसत नाही. तिला निदान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवणीची जागा, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि कंपनीच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण २०१८ च्या आधीचे बहुतेक संगणक त्या यादीत बसत नाहीत. आता आपल्या शाळांतले संगणक कधीचे, याचा विचार करा. कुणाच्या निधीतून आलेले, कुणा कारखान्याने देणगी म्हणून दिलेले, एखाद्या योजनेत मिळालेले. आले त्या दिवशी फीत कापली गेली, फोटो निघाला. पुढे दुरुस्तीला पैसा नाही. कापडाखाली झाकून ठेवलेली अशी यंत्रे आम्ही जिल्ह्यात एकाहून अधिक शाळांत पाहिली आहेत. त्यांतल्या पुष्कळ यंत्रांना काहीही झालेले नसते. पडदा, की-बोर्ड, माउस सगळे धड असते. बिघडलेला असतो तो आतला कारभार.

मुक्त म्हणजे फुकट नव्हे

संगणकाच्या आतला हा कारभार जी पाहते तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. घरात जसे कुणीतरी एक माणूस पाणी, स्वयंपाक, पाहुणा, पोराची फी या सगळ्यांचा मेळ घालत असते, तसा की-बोर्ड, पडदा, मेमरी, प्रिंटर यांचा मेळ ती घालते. ती नसेल तर संगणक म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. विंडोज ही अशी एक सिस्टिम. पैसे मोजून घेतली तरी ती आपल्या मालकीची होत नाही. आपल्याला मिळतो तो फक्त वापरण्याचा परवाना. आत काय चालले आहे ते पाहायचे नाही, बदलायचे नाही, प्रत करून शेजारच्या शाळेला द्यायची नाही. भाडेकरूने खोलीत राहावे, पण भिंतीला खिळा ठोकू नये, तसलाच हा प्रकार.

याला कंटाळून रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८३ मध्ये जाहीर केले की, आपण सर्वांना मोकळी असलेली सिस्टिम तयार करणार. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने तिला हवा असलेला गाभा लिहिला. दोघांचे काम एकत्र आले आणि जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. तीच आज आपण 'लिनक्स' या नावाने ओळखतो. डेबियन, उबुंटू हे तिचेच अवतार. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाची आवृत्ती काढली, आणि तिचीच शाळांसाठीची 'एज्युबॉस' ही आवृत्तीही आहे.

अशा सॉफ्टवेअरला 'मुक्त' म्हणतात. हा शब्द नाशिककरांना नवा नाही. १९८९ मध्ये आपल्याच गावात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. तिथे फी भरावी लागते. मुक्त म्हणजे फुकट नव्हे, हे तिथे शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ज्याची शाळा मध्येच सुटली, जी बाई लग्नानंतर संसारात अडकली, जो सातपूर-अंबडच्या कारखान्यात पाळी करतो, त्याच्यासाठीही दार उघडे, असा त्या शब्दाचा अर्थ. सॉफ्टवेअरमध्येही अर्थ तोच. कुणीही, कशासाठीही वापरावे. आत कसे चालते ते उघडून पाहावे. प्रत करून दुसऱ्याला द्यावी. आपल्या गरजेप्रमाणे बदल करून तो बदलही वाटावा. इंग्रजीत मुक्त आणि फुकट या दोहोंना एकच शब्द असल्यामुळे तिकडे नेहमी घोटाळा होतो. आपली मराठी इथे अधिक नेमकी आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. आपल्याकडे शाळांत, क्लासमध्ये, घरांत जी विंडोज किंवा ऑफिस असते ती कितीदा रीतसर विकत घेतलेली असते? कुणीतरी ओळखीचा मुलगा येतो, पेनड्राइव्ह लावतो आणि 'घालून' देतो. न दिलेले घेऊ नये, हे दुसरे शील आपण मुलांकडून म्हणवून घेतो आणि त्याच मुलांना चोरीच्या प्रतीवर संगणक शिकवतो. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये प्रत करणे हा गुन्हा नाही, कारण लिहिणाऱ्यानेच ती राजीखुशीने दिलेली असते. गुरुजी मुलांना सांगू शकतात, 'घरी घेऊन जा, बहिणीला दे, शेजाऱ्याला दे.' आमच्या मते शाळेच्या दृष्टीने ही बाजू पैशाच्या बचतीइतकीच मोलाची आहे.

केरळने काय केले

हे सगळे ऐकायला छान, पण प्रत्यक्षात कुणी केले आहे का, असे वाचक विचारतील. केले आहे, आणि तेही परदेशात नव्हे, आपल्याच देशात. केरळ राज्याने आपल्या सरकारी आणि अनुदानित शाळा मुक्त प्रणालीवर नेल्या.

केरळमध्ये २००१ मध्ये 'आयटी ॲट स्कूल' ही योजना सुरू झाली. आरंभी तिथेही विंडोजचेच शिक्षण होते. त्याच वर्षीच्या जुलैत स्टॉलमन तिरुवनंतपुरमला आले आणि मुक्त सॉफ्टवेअरचा प्रचार करणाऱ्या संस्थेची भारतातली शाखा तिथे सुरू झाली. सरकारी शाळेतल्या मुलांना एकाच कंपनीच्या मालाची सवय सरकारने का लावून द्यावी, असा प्रश्न तिथले शिक्षक आणि कार्यकर्ते विचारू लागले. प्रश्न रास्त होता. पण सरकारने एका रात्रीत जुने पुसून नवे घातले नाही. काही वर्षे दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी चालल्या. शिक्षकांमधूनच प्रशिक्षक तयार केले गेले आणि त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना शिकवले. पाठ्यपुस्तके नव्या प्रणालीप्रमाणे लिहिली गेली. २००८ पर्यंत माध्यमिक शाळांतले संगणकाचे शिक्षण आणि दहावीची संगणकाची परीक्षा मुक्त प्रणालीवर आली.

२०१७ मध्ये या योजनेचे 'काइट' नावाच्या सरकारी कंपनीत रूपांतर झाले. २०१९ मध्ये तिने आपल्या शाळांसाठी नवी आवृत्ती काढली, तेव्हा ती दोन लाखांहून अधिक संगणकांवर जाणार असून त्यामुळे ३,००० कोटी रुपये वाचतील, असे जाहीर केले. हा आकडा काइटचा स्वतःचा आहे, हे ध्यानात ठेवावे. भागाकार केला तर एका संगणकामागे दीड लाख रुपये पडतात. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर चित्रांचे, आवाजाचे, गणिताचे, भूगोलाचे सगळे प्रोग्रॅम बाजारभावाने विकत घेतले असते तर, असा तो हिशेब दिसतो. कोणतीही शाळा एवढे विकत घेत नाही. तेव्हा हा आकडा दहापट कमी धरा. तरीही ३०० कोटी उरतात, आणि एवढ्या पैशात किती शाळांना छप्पर आणि ग्रंथालय मिळेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

पैशाहून मोठी गोष्ट पुढची आहे. २०१८ मध्ये केरळच्या शाळांत 'लिटल काइट्स' नावाची मुलांची मंडळे सुरू झाली. त्यांत मुले ॲनिमेशन शिकतात, प्रोग्रॅम लिहितात, यंत्राची देखभाल शिकतात. सिस्टिम मोकळी असल्यामुळे मुलांना ती उघडून पाहता येते. सायकल उघडून पुन्हा जोडणारा मुलगा आणि नुसती सायकल चालवणारा मुलगा यांत जो फरक, तोच इथे.

आपल्याकडे काय झाले

महाराष्ट्रात काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात खैरात या वाडीवरच्या एकशिक्षकी शाळेत पहिली ते चौथीच्या मुलांना छोटे हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या जागतिक मोहिमेतला भारतातला तो पहिला प्रयोग. ते लॅपटॉप लिनक्सवरच चालत. डोंगरातली मुले फोटो काढू लागली, लिहू लागली. पण तो प्रयोग राज्यभर पसरला नाही. शेजारच्या गोव्यात त्याच्याही आधी, २००१ च्या सुमारास, परदेशात वापरून झालेले संगणक आणून शाळांत लिनक्सवर चालवण्याची खटपट काही मंडळींनी केली होती. अशा प्रयोगांमागे तळमळ असते. पण पाठ्यपुस्तक, परीक्षा आणि शिक्षकांचे प्रशिक्षण या तिन्ही गोष्टी एका सुतात ओवल्या जात नाहीत, तोवर प्रयोग एकटा पडतो. केरळने नेमक्या याच तीन गोष्टी एकत्र केल्या.

तसे धोरण कागदावर आहे. २०१२ च्या शालेय शिक्षणातील माहिती तंत्रज्ञानाच्या राष्ट्रीय धोरणात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे असे म्हटले आहे. २०१५ मध्ये केंद्र सरकारने आपल्या कार्यालयांसाठीही तसे धोरण जाहीर केले. आपल्या राज्यातही २०१९ मध्ये आलेल्या अकरावीच्या माहिती तंत्रज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात चित्र-मांडणीसाठी 'इंकस्केप', माहितीसाठ्यासाठी 'पोस्टग्रेस' आणि हिशेबासाठी 'जीएनयू खाता' हे मुक्त प्रोग्रॅम घेतले गेले. यातला 'जीएनयू खाता' हा तर मुंबईत जन्मलेला. तो तयार करण्यात पुढाकार घेणारे कृष्णकांत माने हे दृष्टिहीन आहेत. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे प्रोग्रॅम वापरून ते काम करतात. लिनक्सवर असा वाचून दाखवणारा 'ऑर्का' हा प्रोग्रॅम विनामूल्य मिळतो. आपल्या वस्तीत एखादे अंध लेकरू असेल तर त्याच्या आईबापांनी ही एवढी एक ओळ कापून ठेवावी.

मराठीची अडचण येईल का? एके काळी यायची. श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फाँटचा तो जमाना; एका संगणकावर टाइप केलेले पत्र दुसऱ्यावर उघडले की नुसती चिन्हे दिसत. युनिकोड रुळल्यापासून तो त्रास गेला. रेड हॅट या लिनक्स कंपनीने २००४ मध्ये 'लोहित' हे भारतीय भाषांचे फाँट मोकळे करून दिले. आज लिनक्सवर मराठी वाचता येते, इनस्क्रिप्टने टाइप करता येते, आणि लिबर ऑफिस, फायरफॉक्स यांचे मेनूही मराठीत लावता येतात. शिकवायला माणूस नसेल तर मुंबई आयआयटीचे 'स्पोकन ट्युटोरियल' आहे. लहान लहान पाठ, बोलून आणि पडद्यावर करून दाखवलेले; मराठीतही आहेत, आणि विनामूल्य आहेत.

एक दणकट यंत्र, दहा जुनी यंत्रे

शाळेत एक संगणक नसतो, पाच-दहा असतात, आणि ते एकमेकांना जोडलेले असले तर काम सोपे होते. नॉर्वेतल्या काही मंडळींनी २००१ मध्ये खास शाळांसाठी 'स्कोलेलिनक्स' ही आवृत्ती काढली. मुलांना आपल्या भाषेत संगणक मिळावा, हाही त्यांचा एक हेतू होता. पुढे डेबियनमध्ये ती 'डेबियन एज्यु' या नावाने सामील झाली. तिची रीत समजून घेण्यासारखी आहे.

एक चांगले, भरपूर मेमरीचे यंत्र सर्व्हर म्हणून ठेवायचे. बाकीची जुनी यंत्रे केबल आणि स्विचने त्याला जोडायची. जुन्या यंत्राची हार्ड डिस्क गेलेली असली तरी चालते, कारण ते सुरू होताना सगळे सर्व्हरकडून घेते. प्रत्येक मुलाला आपले नाव आणि आपला पासवर्ड मिळतो. सोमवारी तो खिडकीजवळच्या यंत्रावर बसला आणि गुरुवारी दाराजवळच्या यंत्रावर बसला, तरी त्याचे चित्र, त्याचा निबंध त्याला तिथे दिसतो. गुरुजींना नवा प्रोग्रॅम दहा ठिकाणी घालावा लागत नाही. सर्व्हरवर घातला की झाले. विंडोजवरचे बहुतेक व्हायरस इथे चालत नाहीत, म्हणून पेनड्राइव्हने सगळी लॅब आजारी पडण्याचा प्रकारही कमी होतो.

यात दोष नाही असे नाही. सर्व्हर बंद पडला की सगळी लॅब बसते, म्हणून त्याला चांगला युपीएस हवा. फार जुन्या ३२-बिटच्या यंत्रांना चालतील अशा आवृत्त्या आता कमी होत चालल्या आहेत. २ जीबी मेमरीवर हलकी आवृत्ती चालते, पण इंटरनेटची जड पाने उघडताना यंत्र धापा टाकते. ज्याला हे आधी सांगितले नाही तो मागाहून 'लिनक्स वाईट' म्हणणार, म्हणून आम्ही आधीच सांगतो.

आमच्याच मुलांना वेगळे का?

आता खरा आक्षेप. 'मोठ्या घरची मुले नवी विंडोज शिकणार आणि आमच्या मुलांना मात्र हे विनामूल्य मिळालेले? आमच्या वाट्याला नेहमी उरलेसुरलेच का यावे?' हा प्रश्न आमच्या वाचकाच्या मनात येणारच, आणि तो यावा. वेगळ्या पंगतीचा अनुभव ज्या समाजाने घेतला, त्याने दिलेले प्रत्येक ताट निरखूनच पाहिले पाहिजे.

तेव्हा निरखून पाहू. जगातले सर्वांत शक्तिमान असे ५०० संगणक निवडले जातात. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालणारा आहे. तुमच्या हातातला अँड्रॉइड मोबाईल लिनक्सच्याच गाभ्यावर उभा आहे. इंटरनेटवरची मोठमोठी संस्थळे ज्या यंत्रांवर चालतात, त्यांतली बहुसंख्य लिनक्सची आहेत. म्हणजे हे उरलेसुरले ताट नाही. मोठ्या कंपन्या आपल्या आतल्या घरात जे वापरतात तेच हे आहे, आणि ते येणाऱ्या माणसाला त्या चांगला पगार देतात.

पण दुसरी बाजूही खरी आहे. एमएस-सीआयटीच्या वर्गात विंडोज आणि ऑफिस शिकवतात, आणि दुकानापासून कचेरीपर्यंत बहुतेक टेबलांवर तेच दिसते. म्हणून मुलाने विंडोजला हातच लावू नये असे आम्ही कदापि म्हणणार नाही. पत्र कसे लिहावे, तक्ता कसा करावा, बेरजेचे सूत्र कसे घालावे, हे ज्याला लिबर ऑफिसमध्ये समजले, त्याला दुसरीकडे ते जुळवून घ्यायला थोडे दिवस पुरतात. ज्याने फक्त कोणते बटण कुठे आहे एवढेच पाठ केले, तो मात्र कंपनीने बटणाची जागा बदलली की अडतो.

हे काम कायम टिकतेच असेही समजू नये. जर्मनीतल्या म्युनिक शहराने नगरपालिकेचे सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर नेले. २००३ मध्ये ठरले, २०१३ मध्ये पूर्ण झाले, आणि २०१७ मध्ये नगरपालिकेने पुन्हा विंडोजकडे जायचा निर्णय घेतला. कारणांविषयी तिथे आजही वाद आहेत. आपण त्यातून एवढेच घ्यावे की, सिस्टिम बदलणे हे एका सुटीतले काम असेल, पण ती टिकवणे हे वर्षानुवर्षांचे काम आहे. उत्साही गुरुजींची बदली झाली आणि मागे कुणालाच काही येत नाही, अशी वेळ येता कामा नये. म्हणून प्रत्येक शाळेत निदान दोन शिक्षक आणि वरच्या वर्गातली चार मुले तयार हवीत. त्या चारांत दोन मुली असाव्यात, हा आमचा आग्रह.

आपण काय करावे

माता-भगिनींनो, आता हे काम तुमच्याकडे येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती ठेवली आहे. तिच्यात निदान तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असे कायदा सांगतो. शाळेचा विकास आराखडा करण्याचे कामही कायद्याने तिलाच दिले आहे. सभेला जाऊन नुसती सही करून येऊ नका. पहिला प्रश्न विचारा, शाळेत संगणक किती, त्यांतले चालू किती, बंद किती, आणि बंद का? त्याची यादी कागदावर मागा. प्रत्येकाची मेमरी किती आणि तो कोणत्या साली आला, एवढे त्यात असले तरी पुरे.

मग गुरुजींना सांगा की आधी एकाच यंत्रावर पाहू. लिनक्स पेनड्राइव्हवर घालून, यंत्रातले काही न पुसता, चालवून पाहता येते. आवाज येतो का, इंटरनेट लागते का, प्रिंटर आणि प्रोजेक्टर चालतो का, हे अर्ध्या तासात कळते. जमले तर मुलांची आणि शाळेची कागदपत्रे दुसरीकडे उतरवून ठेवावी आणि दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत लॅब बदलावी. कार्यालयातले एक यंत्र मात्र जुन्या व्यवस्थेवर राहू द्यावे. सरल, यू-डायस, शालार्थ ही कामे इंटरनेटच्या ब्राउझरमधून होत असली, तरी डिजिटल सहीचे उपकरण किंवा एखादा जुना प्रोग्रॅम अडू शकतो. पगारबिल अडले तर सगळे शिक्षक नव्या प्रणालीच्या विरोधात जातील, आणि त्यांचे काही चुकणारही नाही.

आमची तरुण मुले इंजिनिअरिंग, आयटीआय, बीसीए शिकली आहेत. सातपूरला, पुण्याला, परदेशात नोकऱ्या करतात. त्यांनी आपल्या जुन्या शाळेला पंखा किंवा घड्याळ भेट देण्याऐवजी सुटीतले दोन दिवस द्यावेत. एक दिवस यंत्रांसाठी, एक दिवस शिक्षकांसाठी. विहारातल्या अभ्यासिकेत, समाजमंदिरात कुणी दिलेला जुना संगणक पडून असेल तर सुरुवात तिथूनही करता येईल. लहानांना चित्रे काढायला 'टक्स पेंट' आहे, आकाशातले ग्रह-तारे पाहायला 'स्टेलेरियम' आहे, मोठ्यांना अर्ज लिहायला लिबर ऑफिस आहे. कारखाने आणि कचेऱ्या आता विंडोज १० ची यंत्रे मोडीत काढतील, तेव्हा ती भंगारवाल्याकडे जाण्याआधी मागून घ्यावीत. मात्र मागताना यंत्राचे वय आणि मेमरी पाहूनच घ्यावे. दुसऱ्याचे भंगार आपल्या शाळेत आणून ठेवण्यात काही अर्थ नाही.

नवे संगणक येणार असतील तर तेही येऊ द्यावेत, त्यांच्यासाठी भांडावेही. जुने यंत्र चालते म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. पण नवे येईपर्यंत पाचवीतली मुलगी आठवीत जाते. तिची ती तीन वर्षे कापडाखाली झाकलेल्या यंत्राकडे बघत जाऊ नयेत, एवढ्यासाठी हा लेखप्रपंच.

आपल्या शाळेच्या यादीत काय आढळले, किती यंत्रे चालू आणि किती बंद, हे वाचकांनी आम्हाला पत्राने कळवावे. कुठे लॅब बदलण्याचे जमले असेल, तर कसे जमले आणि काय अडले, तेही लिहावे. म्हणजे शेजारच्या गावच्या शाळेला तीच ठेच पुन्हा खावी लागणार नाही.